तिथं जायचं नसतं

डॉर्कस एलायसनं उभ्या आयुष्यात एकच चूक केली असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. चुका तिनं ढीगभर केल्या. पहिला नवरा केला ती एक, आणि त्याला घराबाहेर काढायला अकरा वर्षं लावली ती दुसरी. पाद्रीबाबांच्या निरोपाच्या जेवणाला तिनं अख्ख्या गावासाठी मुंडीचा रस्सा लावला आणि गप्पांच्या नादात करपवला, ते तर लोक अजून काढतात. पण कागदावर छापून आलेली चूक तेवढी एकच. आणि तीही चार शब्दांची.

आमचं स्प्रूस फोर्क हे शे-सव्वाशे माणसांचं गाव. प्रत्येक घरात भिंतीला बोलायचा रेडिओ टांगलेला, आणि सगळे एकाच लहरीवर. कुणाचा चहा झाला, कुणाचं कुत्रं सुटलं, कुणाची सून माहेरी निघाली, सगळं सगळ्यांना ऐकू येतं. खासगी असं काही बोलायचं असेल तर चालत जावं लागतं. डॉर्कसचं घर दक्षिणेच्या टोकाला, शेवटचं. त्यामुळे वसंतात कॅरिबू हरणांचा कळप पहिल्यांदा तिलाच दिसतो. दिसला की ती रेडिओचा माइक उचलते आणि दोनच वाक्यं बोलते.

"आल्या. आता गप्प बसा."

मग गावातली सगळी इंजिनं बंद होतात. लाकडं कापायची करवत बंद, पोरांची बोंबाबोंब बंद, कुत्री घरात. पुढे चालत असतात त्या पुढारणी. गाभण माद्या. त्यांना वाट ठाऊक असते आणि बाकीचा कळप त्यांच्या मागे जातो. पुढारणींवर कुणी बंदूक उगारत नाही. त्या निघून गेल्या, मागचे आले, की मग आमच्या पोटापुरतं आम्ही घेतो. माद्या मात्र थांबत नाहीत. डोंगर ओलांडून समुद्राकाठच्या सपाटीवर जातात आणि तिथं वितात. सगळ्या तिथंच, दर वर्षी, एकाच पंधरवड्यात. तिथं वारा असतो म्हणून डास कमी, लांडगे मागे डोंगरात राहिलेले, आणि गवत नुकतं फुटलेलं असतं.

त्या सपाटीवर आमच्यातलं कुणी पाऊल ठेवत नाही. बाळंतिणीच्या खोलीत उगाच कुणी शिरतं का, तसंच ते. डॉर्कसची आजी सांगायची की तिच्या लहानपणी एका वर्षी कळप इकडे फिरकलाच नाही. लोकांनी बर्फातल्या बुटांच्या वाद्या उकळून खाल्ल्या. दोन तान्ही पोरं गेली. डोंगरापलीकडे माद्या आहेत हे ठाऊक होतं, चार दिवसांची वाट होती, आणि गेलं कुणी नाही.

आता ही डॉर्कस दुभाषी कशी झाली ते सांगायला हवं. नऊ वर्षांची असताना तिला विमानात घालून दूर दक्षिणेला सरकारी निवासी शाळेत नेलं. सतराव्या वर्षी परत आली ती इंग्रजी घेऊन आणि आपली भाषा विसरून. आजीनं काही रडारड केली नाही. आपल्या भाषेतलं प्रार्थनेचं पुस्तक तिच्या पुढ्यात टाकलं आणि शेजारी लाकडी पळी घेऊन बसली. उच्चार चुकला की बोटांवर पळी. दोन हिवाळ्यांत भाषा परत आली. त्यामुळे झालं काय, की म्हाताऱ्यांना इंग्रजी येईना, पोरांना आपलं येईना, आणि दोन्ही धड येणारी एकटी डॉर्कस. दवाखान्यात डॉक्टर आला की डॉर्कस. शिकारखात्याचा साहेब आला की डॉर्कस. न्यायाधीश आला की डॉर्कस. तिनं कधी नाही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर तिला तो मान आवडायचा.

सुरुवातीला ती आपल्या पदरचं थोडं घालायची. म्हाताऱ्या टॅबिथाचा गुडघा सुजला तेव्हा डॉक्टरनं विचारलं, कशानं झालं. टॅबिथा म्हणाली, "वयानं." डॉर्कसनं सांगितलं, "वयानं, आणि नाताळात पहाटेपर्यंत नाचतात म्हणून." डॉक्टर हसला, त्यानं नाचायला बंदी केली, आणि बंदी का झाली ते टॅबिथाला समजलं. ती भर दवाखान्यात म्हणाली, "हे बघ पोरी, मी तुझं तोंड उसनं घेतलंय. डोकं नाही. डोकं माझं मला आहे."

डॉर्कसनं कानाला खडा लावला. त्या दिवसापासून शब्दाला शब्द. म्हातारा जेवढं बोलेल तेवढंच, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. तिचा तो नेम झाला आणि त्या नेमाची तिला फार घमेंड होती. मी घमेंडच म्हणेन. चांगल्या माणसाला घमेंड नसते असं थोडंच आहे.

ती अडतीस वर्षांची होती तेव्हा पहिली सुनावणी झाली. सपाटीच्या पोटात तेल आहे, ते काढावं की नाही, आणि तुमचं म्हणणं काय, हे विचारायला सरकारी माणसं आमच्या सभाघरात आली. चार जण, सगळ्यांच्या पायात कोरे बूट, आणि टेबलावर टेप. सकाळपासून गाव बोललं. सगळ्यांत शेवटी अँब्रोज मामा उठला. मामा म्हणजे डॉर्कसच्या आईचा भाऊ. बाप लवकर गेल्यावर त्यानंच तिला वाढवलं होतं. टोपी हातात धरून तो अर्धा तास बोलला. माद्यांबद्दल, वाऱ्याबद्दल, पिल्लू जन्मल्यावर आई ते कसं चाटते आणि त्या वेळी आवाज झाला तर ती त्याला टाकून कशी पळते, त्याबद्दल. डॉर्कस शब्दाला शब्द देत गेली. घसा सुकला होता. बाहेर साहेबांचं विमान थांबलेलं, आणि वैमानिक दर दहा मिनिटांनी दारातून डोकावून आभाळाकडे बोट दाखवत होता.

मामा बसणार तेवढ्यात एका साहेबानं विचारलं, "त्या भागात तुमचे लोक नेमकं काय करतात? शिकार, मासेमारी, तंबू?"

डॉर्कसनं मामाला विचारलं. मामानं जरा विचार केला. मग म्हणाला, "तिथं जायचं नसतं."

आणि डॉर्कसनं इंग्रजीत सांगितलं, "तिथं आम्ही जात नाही."

झालं. चार शब्द. आपल्या भाषेत जात नाही वेगळं आणि जायचं नसतं वेगळं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी दुकानात जात नाही, कारण मला साखर नको. पण जायचं नसतं म्हटलं की त्यात आजी येते, उकळलेल्या वाद्या येतात, ती दोन तान्ही पोरं येतात. इंग्रजीत ते एका दमात बसेना. बसवायचं तर पदरचं घालावं लागणार, आणि पदरचं घालायचं नाही हा तर हिचा नेम. साहेबानं मान डोलावली, वहीत लिहिलं, आणि खाली एक रेघ ओढली. खूश दिसला. तेव्हाच डॉर्कसच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता, की हा माणूस एवढा खूश कशानं झाला? पण तिला पाणी हवं होतं.

दोन वर्षांनी टपालाच्या विमानातून अहवाल आला. चुलीत घातला तर आठवडाभर पुरेल एवढा जाड. डॉर्कसनं तो मामाच्या स्वयंपाकघरात बसून वाचायला घेतला. मामा समोर सुकं मांस चघळत होता. पान दोनशे चौदा. 'स्थानिक रहिवाशांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार, या भूभागाचा त्यांच्याकडून कोणताही वापर होत नाही.'

 लपवावं असं क्षणभर वाटलं, पण मामापुढे तिला कधी काही लपवता आलं नव्हतं. तिनं वाचून दाखवलं. मामानं चघळणं थांबवलं.

"परत वाच."

तिनं परत वाचलं.

"मी असं म्हणालो?"

"नाही मामा. मी म्हणाले."

मामानं चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाला, "मग ज्यांना सांगितलंस त्यांनाच सांग, की ते तू म्हणालीस."

एवढंच. रागावला नाही, ओरडला नाही. त्यानंतर सहा वर्षं जगला आणि एकदाही विषय काढला नाही. एक कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं, असं डॉर्कस म्हणायची. शेवटच्या आजारात एकदाच त्यानं विचारलं, "ते वाक्य गेलं का गं?" ती म्हणाली, "जाईल मामा. मी घालवते." दुसऱ्या आठवड्यात तो गेला. तिनं मेलेल्या माणसाला नव्हे, मरणाऱ्याला शब्द दिला होता, आणि तो जास्त वाईट असतो, कारण मरणारा तो शब्द ऐकून मगच डोळे मिटतो.

तेव्हापासून दर वर्षी एक पत्र. 'पान दोनशे चौदावरचं वाक्य माझ्या चुकीमुळे आलं आहे, ते कृपया दुरुस्त करावं.' दर वर्षी उत्तर यायचं. 'आपलं पत्र मिळालं. आपल्या सहभागाबद्दल आम्ही आभारी आहोत.' ती उत्तरं चूल पेटवायला चांगली, असं ती सांगायची. कागद उत्तम होता. तिकडे राजधानीत सरकारं बदलत गेली. एक म्हणायचं सपाटी राखू, दुसरं म्हणायचं खणू, तिसरं म्हणायचं अभ्यास करू. प्रत्येकाच्या अभ्यासात ते वाक्य जुन्या अहवालातून उचलून नव्यात लागायचं. उवा एका डोक्यातून दुसऱ्यात जातात तसं.

आणि गाव? गाव म्हणजे जीभ. मामाचा मुलगा गिडियन त्यात सगळ्यांत पुढे. डॉर्कसहून सहा वर्षांनी मोठा, आणि नदीच्या दोन्ही काठांवर त्याच्याएवढा थापाड्या नाही. एकदा म्हणे त्यानं अस्वलाला शिव्या देऊन पळवलं. एकदा म्हणे तो चंद्रावर जाणाऱ्यांच्या यादीत होता, पण बुटाचं माप बसलं नाही. त्यानं त्या वाक्याची थट्टा सुरू केली आणि ती गावभर झाली. कुणी चर्चला आलं नाही की रेडिओवर आवाज यायचा, "काय रे, जात नाहीस की जायचं नसतं?" कुणी बायकोच्या बहिणीकडे जास्त फेऱ्या मारायला लागला की, "अरे, तिथं जायचं नसतं." लोक हसायचे. डॉर्कसही हसायची. मग माइक खिळ्याला अडकवायची आणि बराच वेळ भांडी घासत बसायची. भांडी स्वच्छ असली तरी.

दोन वर्षांपूर्वी शेवटची सुनावणी ठरली. या वेळी अभ्यास नव्हता. कुठल्या तुकड्यावर कुणी खणायचं हे नकाशावर आखून झालं होतं. खणू देऊ नका असा गावाचा अर्ज लढवायला शहरातून एक वकीलबाई आली, क्लॉडिया रेनर नावाची. वयानं तरुण, मनानं चांगली, आमच्याकडचा कडक चहा तोंड वाकडं न करता प्यायची. डॉर्कसच्या स्वयंपाकघरात बसून तिनं सरळ सांगितलं.

"डॉर्कसबाई, निकाल देणारे एकच बघतात. तुमच्या लोकांचा तिथं वापर आहे का? मला एक जुनी चूल दाखवा. तंबूच्या दगडांचं एक कडं दाखवा. एक तरी म्हातारं माणूस द्या, जे म्हणेल की माझ्या बापानं तिथं शिकार केली."

"नाहीये."

"आठवून बघा."

"अगं बाई, आठवायचं काय त्यात? न जाणं हाच आमचा वापर आहे."

"मला कळतं ते," क्लॉडिया म्हणाली, आणि तिला खरंच कळत होतं, म्हणून ती कपाळ चोळत बसली. "पण न गेल्याचा नकाशा काढता येत नाही हो. ते तुमचं जुनं वाक्य त्यांनी पहिल्याच पानावर घेतलंय."

गिडियन कोपऱ्यात बसून हाडांच्या रश्श्यात भाकरी बुडवत होता. त्यानं तोंड पुसलं. "मी आहे की. मी केली शिकार तिथं."

"तू कधी गेला होतास तिथं?" डॉर्कसनं विचारलं.

"चंद्राची गोष्ट दहा वर्षं सांगतोय, तेव्हा नाही विचारलंस."

वकीलबाईनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग कागद गोळा केले. "मी हे ऐकलेलं नाही," ती म्हणाली. दारात जरा घुटमळली. "पण कुणाला खरंच काही आठवलं, तर एवढ्या एका साक्षीनं फार फरक पडेल." आणि गेली.

तिची पावलं लांब गेल्यावर डॉर्कस म्हणाली, "तू असलं काही बोलणार नाहीस."

"का? तुझ्या खऱ्यानं काय दिवे लावले? दोनशे चौदा पान. आता माझ्या खोट्याला एक संधी दे. सगळा जन्म मी फुकट थापा मारल्या, डॉर्के. एक तरी कामाला येऊ दे."

"गिडियन, आपण तिथं गेलो असं सांगून ती जागा वाचवायची? मग वाचवलं काय?"

"माद्या," तो म्हणाला. "माद्या वाचतील. त्यांना तुझं वाक्य बरोबर आहे की चूक, काही पडलेलं नाही."

 त्याचं बरोबर असेल असं डॉर्कसला वाटलं. सुनावणीच्या सकाळी तिनं केस विंचरले, मामाच्या फोटोसमोर उभी राहिली, आणि ठरवलं की गिडियन काही भलतं बोलला तर बोलू दे. शब्दाला शब्द. तोंड उसनं, डोकं त्याचं. आपला नेम आपल्याला वाचवेल.

सभाघर भरलं होतं. या वेळी टेबलावर टेपशेजारी एक छोटा दिवा होता. प्रत्येकाला तीन मिनिटं, दिवा पिवळा झाला की आवरायचं, लाल झाला की बसायचं. दुभाष्याचा वेळही त्यातच धरलेला. गिडियन आला तो बापाचं मण्यांचं जाकीट घालून. इतक्या वर्षांत इंग्रजी त्यालाही फर्डं यायला लागलं होतं, पण तो म्हणाला, मी आपल्या भाषेत बोलणार. डॉर्कसच्या कानाशी येऊन पुटपुटला, "इंग्रजीत मला आजवर कुणी खरं मानलेलं नाही."

मग माइकपुढे उभा राहिला आणि बोलला.

"मी बारा वर्षांचा होतो. माझा बाप अँब्रोज, त्यानं मला तिथं नेलं. वर्ष वाईट होतं. मी तिथं मादी मारली. पोटात पिल्लू होतं. आम्ही तेही खाल्लं."

सभाघरातल्या म्हाताऱ्यांनी श्वास आत घेतला तो तसाच राहिला. टॅबिथाच्या लेकीनं शेजारी बसलेलं नातवंड उगाच जवळ ओढलं. थापा मारताना गिडियनची हनुवटी कधी हलत नसे. आज ती थरथरत होती. त्यानं लोकांकडे बघितलं नाही, दिव्याकडे बघत राहिला.

साहेबानं डॉर्कसकडे वळून विचारलं, "काय म्हणाले ते?"

नुसत्या गिडियनचं खोटं असतं तर तिनं ते दिलं असतं. मी हे खात्रीनं सांगतो. पण त्यानं मामाला तिथं नेलं होतं. जो माणूस मरताना विचारून गेला की ते वाक्य गेलं का, त्याच माणसाला त्याच्याच पोरानं कबरीतून उठवून त्या जमिनीवर चालवलं होतं, हातात सुरी देऊन. डॉर्कसचं तोंड उघडलं आणि तिला स्वतःलाच माहीत नव्हतं आता काय बाहेर पडणार.

"ते म्हणतात," ती इंग्रजीत म्हणाली, "तिथं जायचं नसतं."

आणि मग तिनं आयुष्यात टॅबिथानंतर पहिल्यांदा पदरचं घातलं. म्हणाली, जात नाही असं नव्हे, ते मागे मी चुकीचं सांगितलं. वाट माहीत आहे, चार दिवसांची आहे, पोटात भूक असते, तरी जायचं नसतं. आया जिथं बाळंत होतात तिथं आपण पाय ठेवायचा नसतो. माझ्या आजीच्या वेळी पोरं मेली पण लोक गेले नाहीत. तुम्ही विचारता तिथं तुम्ही काय करता. आम्ही तिथं जात नाही हेच करतो, हजारो वर्षं, आणि ते सोपं नाही.

दिवा पिवळा झाला. मग लाल झाला. साहेब म्हणाला, "आभारी आहे." आणि वहीत लिहिलं.

इंग्रजी कळणाऱ्यांनी आपलं कळणाऱ्यांच्या कानात सांगितलं, त्यांनी यांच्या, आणि सगळ्या गावाला समजलं की काय झालं. समजलं नाही ते टेबलामागच्या चौघांना आणि क्लॉडियाला. तिनं हातातली लेखणी खाली ठेवली. गिडियन डॉर्कसकडे बघत उभा होता. तो तिथल्या तिथं म्हणू शकला असता, इंग्रजीत, की बाई चुकीचं सांगतेय. म्हणाला नाही. टोपी घातली आणि गावाच्या मधून चालत बाहेर गेला. टेपवर त्याचं खोटं अजून आहे. ते ऐकून कळेल अशी माणसं सगळी इथंच राहतात, आणि त्यांना कुणी विचारायला आलं नाही.

वसंतात निकाल आला, त्याबरोबर नवा अहवाल. हा बारीक होता. पान सत्त्याण्णव. 'स्थानिक रहिवाशांनी, आपण या भूभागात जात नसल्याचं आपलं पूर्वीचं म्हणणं याही वेळी कायम ठेवलं.'

याही वेळी. डॉर्कसनं ते दोन शब्द तीनदा वाचले. क्लॉडियाचं पत्र वेगळं आलं होतं. तिनं लिहिलं होतं की वापराचा काहीच पुरावा नसल्यामुळे अर्ज फेटाळला गेला, आणि तिला फार वाईट वाटतं. तिला वाटलंच असणार. डॉर्कसनं ते पत्र चुलीत घातलं नाही. मामाच्या कबरीपाशी गेली, बसली, आणि सांगितलं, "मामा, वाक्य मी नीट लावलं. जागा गेली." मग गुडघे धरून उठली, कारण बर्फ वितळत होता आणि घागरा भिजला होता.

गाव दुभंगलं. काही जण म्हणाले, तिनं बरोबर केलं, आपण तिथं मादी मारली हे पोराबाळांच्या कानावर राहिलं असतं. बरेचसे म्हणाले, एक थाप, अवघी एक थाप या बाईनं पुढे जाऊ दिली असती तर. तिच्या तोंडावर कुणी बोललं नाही. पण रेडिओवर ती 'आज थंडी आहे' म्हणाली तरी उलट उत्तर येईना. आणि ती थट्टा बंद झाली. जायचं नसतं असं गमतीनंसुद्धा कुणी म्हणेना. तिला त्या थट्टेची एवढी सवय झाली होती की तीही गेल्यावर घर जास्तच रिकामं वाटायला लागलं. गिडियन तर तिच्याशी चकार शब्द बोलला नाही. चर्चमध्ये तो तिचं बाक सोडून डाव्या बाजूला बसायला लागला.

हिवाळ्यात बर्फावरून गाड्या गेल्या. आम्ही त्या बघितल्या नाहीत, आम्ही तिथं जात नाही. टपालाचा वैमानिक सांगायचा. आज खडी टाकली. आज धावपट्टी झाली. आज मनोरा उभा राहिला, लांबून दिसतो, वर दिवे आहेत. सपाटीच्या बरोबर मधोमध, गवत सगळ्यांत आधी फुटतं तिथं. तो चांगला माणूस होता, सांगताना खाली बघायचा.

आणि मग या वर्षीचा वसंत आला. दुपारची वेळ, ऊन बर्फावर लखलखत होतं. डॉर्कस खिडकीशी चहा घेऊन बसली होती. कडेच्या टेकडीवर आधी शिंगं दिसली, मग माना. पुढारणी. सात-आठ, एका मागे एक, पोटं खाली आलेली, बर्फात खोल पावलं टाकत.

तिनं माइक उचलला.  गेलं वर्षभर तिला कुणी उत्तर देत नव्हतं, आणि आजही देतील की नाही याची तिला शंका होती.

"आल्या. आता गप्प बसा."

गावातली इंजिनं बंद झाली. एक, दुसरं, मग सगळी. करवत थांबली. कुत्री आत गेली. एवढी तरी गोष्ट शिल्लक होती, याचं तिला बरं वाटलं. माद्या तिच्या घराच्या शेजारून जायला लागल्या, इतक्या जवळून की त्यांच्या खुरांचा टकटक आवाज काचेतून येत होता.

अशा वेळी रेडिओवर कुणी बोलत नाही. आजवर कुणी बोललेलं नाही. पण रेडिओ खरखरला.

"डॉर्कस."

गिडियनचा आवाज. दीड वर्षात पहिल्यांदा.

"ऐकतेय," ती म्हणाली.

"आता त्यांनाही सांग ना." त्याचा आवाज चढलेला नव्हता. सावकाश बोलत होता, म्हातारा झाला होता. "तुला आता बरोबर सांगता येतं. सांग त्यांना, तिथं जायचं नसतं."

अख्ख्या गावानं ते ऐकलं. कुणी हसलं नाही.

डॉर्कसनं माइक खिळ्याला अडकवला. दार उघडून पायरीवर आली. पुढची मादी दहा पावलांवर थांबली आणि कान तिच्याकडे करून उभी राहिली. डॉर्कस तिच्याशी आपल्या भाषेत बोलली. गिडियननं सांगितलं तेवढंच, शब्दाला शब्द, पदरचं काही न घालता.

मादीनं थोडा वेळ ऐकलं. मग मान फिरवून ती डोंगराच्या दिशेनं चालायला लागली, आणि तिच्या मागे बाकीच्या. दुसरी जागा त्यांना ठाऊक नव्हती.